पांढऱ्याचं माप

आमचे शेजारी गावित मास्तर दिवसातून तीन वेळा मला दारात बोलावून एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, हा पांढराच हाय ना?"

पांढरा म्हणजे त्यांच्या सारवलेल्या घरातल्या, कालवलेल्या तांदळाच्या पिठाच्या रेघेचा रंग. मास्तर मूळचे पोशेऱ्याचे. जव्हारला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यांनी बुटाच्या खोक्याएवढी गाडी बनवली आहे. पुढे कॅमेरा. त्याला रेघ दिसली की गाडी तिच्यावरून चालते. मात्र पांढरा कुठपासून कुठपर्यंत मानायचा, ते मोबाईलवर आकड्यांनी ठरवून द्यावं लागतं. सकाळचे आकडे दुपारी चालत नाहीत. "उजेड फिरला का रंग खोटं बोलतो," असं म्हणत मास्तर पुन्हा माप घेतात.

एकदा त्यांनी माप सैल ठेवलं. गाडी रेघ सोडून पडवीच्या उतारावरून अंगणात आली आणि आमच्या हिने वाळत घातलेल्या तांदळाच्या पापडांवरून फिरली. सतरा मोडले, मी मोजले.

"मास्तर, गाडीला उपाशी ठेवता का?" हिने विचारलं.

"तिची चूक नाय, वहिनी. तांदूळ तोच, रंग तोच. अक्कल माझी कमी."

मी म्हटलं, "त्यापेक्षा चिकटपट्टी लावा. एकसारखी, ठळक. एकदा माप घ्या आणि सुटा."

"पट्टी नको," एवढंच बोलून ते पावसापाण्याचं विचारू लागले.

कारण मला परवा सकाळी कळलं. मास्तरांच्या पत्नी, सखूबाई, पूर्वी गावोगाव लग्नाचा चौक लिहायला, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर पिठाने चित्र काढायला, जायच्या. वर्षापूर्वी उजवा हात लुळा पडला. "माझं लिहिणं सरलं," म्हणून भिंतीला टेकून बसायच्या. मग मास्तरांनी गाडी पुढ्यात ठेवून विचारलं, "हिला वाट कोण देणार?" तेव्हापासून चुलीपासून पडवीपर्यंतची रेघ रोज त्याच ओढतात, डाव्या हाताने. कुठे जाड, कुठे पुसट. म्हणून रोज नवं माप.

परवा गाडी मध्येच थांबली. रेघेत चार बोटांची फट होती. मला स्पष्ट दिसली. सखूबाईंचा चेहरा उतरला.

"माझीच रेघ तुटली का?"

"छे! रेघ बेस हाय. माप माझं चुकलं." मास्तर आमच्याकडे पाठ करून मोबाईलवर आकडे दाबत बसले.

सखूबाई हळूच पुढे सरकल्या, बोट पिठात बुडवलं आणि फट जोडली.

चाकांचा आवाज आला, तेव्हाच मास्तर वळले. "बघ," ते म्हणाले, "जमलं माप."