बाविसावी जखम

“अर्ध्या तासाचं काम! विंडोजला कळणारसुद्धा नाही की शेजारी कुणी राहायला आलंय!”

हे शनिवारी, जेवणाच्या टेबलावर. बोलणारा नवरा लिफ्ट-तपासनीस. जन्मभर लोकांच्या लिफ्टमधून वरखाली करून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारायचं काम, त्यामुळे स्वतःच्या बोलण्यावरही तो तोच शिक्का मारत असे. ऑफिसात त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणायचे. ते कौतुकाने म्हणत नाहीत, हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सुरू करून कपडे वाळत घालून आलं, तरी तो आपला जांभयाच देत असायचा. तज्ज्ञाने कुठेतरी वाचलं होतं की डिस्कचे भाग पाडायचे, एका भागात विंडोज तसंच ठेवायचं आणि दुसऱ्यात लिनक्स ही दुसरी, हलकी प्रणाली बसवायची. मग यंत्र पुन्हा तरुण होतं म्हणे!

“आणि माझे फोटो?” बायकोने विचारलं.

बायको रुग्णालयात परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पडून पडून जखमा होतात, त्या कशा भरतात याचा तिने दोन वर्षं अभ्यास केला होता. एकवीस रुग्ण, प्रत्येकाचे बारा आठवड्यांचे बारा फोटो. मजकूर छापून मेट्रनबाईंकडे गेला होता. फोटो मात्र फक्त या कॉम्प्युटरवर, कारण रुग्णांच्या खासगीपणासाठी फोटोंची एकच प्रत ठेवायची असा नियम होता आणि नियम मोडणं तिच्या रक्तात नव्हतं. शुक्रवारी सगळं समितीपुढे ठेवायचं होतं. बारा वर्षं पाळ्या केल्यावर शिकवण्याच्या जागेची ही पहिली संधी, आणि बहुधा शेवटचीही.

“अगं, विंडोज आणि तुझे फोटो सी ड्राइव्हवर आहेत. तिथे मी जपूनच वागेन. पण शेवटी यंत्र आहे, सीचा काय भरवसा!”

शेवटचं वाक्य त्याने नुसतं भाव खायला टाकलं होतं.

तिने मात्र ते खरं मानलं. रविवारी सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी तिने सगळे फोटो सीवरून उचलले आणि डी ड्राइव्हवर नेऊन ठेवले. डी तर बिचारा कायम रिकामा, तिथे कोण कशाला हात लावेल?

दहा वाजता तज्ज्ञ बाह्या सरसावून बसला. सीला हात लावायचा नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोची दोन वर्षं होती तिथे! मग लिनक्सला जागा कुठली द्यायची? डी तर बिचारा कायम रिकामा!

यंत्राने विचारलं, हा भाग पुसायचा? तो म्हणाला, पूस. यंत्राने विचारलं, नक्की? आयुष्यात त्याचं मत इतक्या अदबीने दोनदा कुणी विचारलं नव्हतं. “नक्की!” तो मोठ्याने म्हणाला.

लिनक्स झकास बसलं. विंडोजला ओरखडासुद्धा नाही! तज्ज्ञ चहा करून बायकोची वाट बघत बसला.

“वा! जमलं की!” आल्याआल्या ती म्हणाली. मग वाकून बघू लागली. “अहो, डी कुठाय?”

“रिकामाच होता. दिला लिनक्सला!”

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. “तुम्हीच म्हणालात ना, सीचा भरवसा नाही?”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क हातात घेऊन मान हलवली.

“वाचेल का हो?” तज्ज्ञाने विचारलं.

“वाचेल. पण नावं जातील, तारखा जातील. आणि कधीकाळी पुसलेलंही वर येईल. एक मढं उकरायला गेलं की शेजारची दोन निघतात, साहेब!”

बुधवारी त्याने डिस्क परत दिली. “तोंडं दिसत होती ते घरचे फोटो वेगळे ठेवलेत. जखमा सगळ्या एका जागी.”

कोणता फोटो कुणाचा आणि कितव्या आठवड्याचा, हे नावांत लिहिलेलं होतं, आणि नावंच गेली होती! दोघं शेजारी शेजारी बसले. दाढी करताना कापलं तरी डोळे मिटणारा तज्ज्ञ एकेक फोटो उघडायचा आणि ती बघून सांगायची.

“माकडहाड. सातवे आजोबा, तिसरा आठवडा. ही टाच पंधराव्या आजींची, शेवटचा फोटो. पुढच्याच आठवड्यात गेल्या. जखम भरली होती हो त्यांची.”

दोन वर्षं ती हे सगळं घरी येऊन सांगत होती आणि आपण पेपरमागून नुसतं हूं हूं करत होतो. तज्ज्ञाला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी एकवीस रुग्ण पुरे झाले आणि अकरा फोटो उरले.

“हे कुणाचे?” ती पुटपुटली. “डोक्यामागची जखम. पडून राहिलेल्यांना होते. पण मापाला पट्टीसुद्धा ठेवलेली नाही! मी असे फोटो काढीन?” मोठ्या जखमेपासून लहान जखमेपर्यंत तिने ते भराभर लावले. “बघा, किती छान भरत आलीय. आणि मला पेशंट आठवत नाही! एक अख्खा माणूस विसरले मी. मग बाकीच्यांचं तरी बरोबर कशावरून? मेट्रनबाईंना फोन करते. नाही देत मी अभ्यास.”

तिने खरंच फोन उचलला.

“उलटे लाव,” तज्ज्ञ म्हणाला.

“काय?”

“क्रम उलटा आहे. लहान आधीचा.”

“म्हणजे जखम वाढत गेली? अहो, मग पेशंट जिवंत तरी आहे का?”

“आहे,” तो खालमानेने म्हणाला. “आत्ताच जेवला. दर महिन्याला एक फोटो काढायचा. केस उगवायचं नवं तेल लावून बघत होता. मग कंटाळून पुसून टाकले.”

तिने स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“वळा.”

तो वळला. ती रडतेय की हसतेय ते त्याला दिसेना. मग पर्सची चेन वाजली आणि कागदी पट्टी टाळूला गार लागली.

“साडेसात सेंटिमीटर,” ती म्हणाली. “भरायची चिन्हं नाहीत.”