झांजा कुठं गेल्या

यशवंत गाण्यांची बारशी करायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मॅट्रिकला त्याच एका विषयात तो दोनदा आपटला होता. आणि आवडायची मात्र फक्त इंग्रजी गाणी, तीही गिटार आणि ड्रम बडवणारी, ज्यांना रॉक म्हणतात ती. कॅसेटवरची मूळ नावं त्याला वाचता यायची, पण पटायची नाहीत. मग तो आपलं नाव द्यायचा. 'चटका बसला'. 'खडीवरची मालगाडी'. 'बापानं हाकलला'.

या शेवटच्या गाण्यात खरोखर काय म्हटलंय हे मला आजतागायत माहीत नाही. यशवंतच्या मते पोरगा घर सोडून निघालाय, बाप दारात उभा आहे, आणि मधे गिटार एकटीच वाजते तेव्हा पोरगा पुलापाशी थांबून मागं वळून बघतो.

"मग परत जातो का?" मी विचारलं.

"नाय जात. परत गेला आसता तर गाणं दोन मिन्टात संपलं आसतं."

मी तेव्हा खालापूरला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि राहायला कर्जतला. यशवंत आणि त्याची आई आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून. मूळचे कोंडाण्याचे. वडील तो लहान असतानाच गेले. तो खालापूरच्या अलीकडे लोखंडी सुटे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात होता. त्यामुळे सकाळची एसटी आमची एकच. वय चोवीस-पंचवीस, अंगानं काटक, केस मानेवर. कचेरीतला माणूस म्हणून तो मला 'भाऊसाहेब' म्हणायचा, आणि मी शेजारी बसलो की खालापूर येईपर्यंत माझी सुटका नसायची.

हे वेड आलं कुठून, तर आईकडून. ती म्हातारी जन्मात कधी असलं गाणं गुणगुणली नसेल. पण पूर्वी ती रेल्वेच्या बंगल्यांत धुणीभांडी करायची आणि तिथल्या एका अँग्लो इंडियन ड्रायव्हरच्या घरी ग्रामोफोन होता. आई भांडी घासायची आणि तीन-चार वर्षांचा यशवंत मोरीच्या उंबऱ्यावर बसून ऐकायचा. पुढं ते कुटुंब देश सोडून गेलं. जाताना मेमसाहेबांनी आईला दोन फ्रॉक, एक किटली आणि ओरखडे पडलेल्या सात तबकड्या दिल्या. फ्रॉक फाटले, किटली अजून चालते, आणि तबकड्यांनी पोराचं वाटोळं केलं, असा त्या माउलीचा हिशेब होता.

त्या सात तबकड्या, दुसऱ्यांच्या ग्रामोफोनवर लावून ऐकलेल्या, म्हणजे यशवंतचं पन्नाशीचं 'दहाक'. दशकाला तो दहाक म्हणायचा. साठीचं दहाक त्यानं रेडिओवर, परदेशी स्टेशनांची खरखर चाळून जमवलं. सत्तरीचं कॅसेटवर. एका जाड वहीत प्रत्येक दहाकाची दहाच गाणी लिहिलेली असत. अकरावं आवडलं की आधीचं एक खोडायचं, आणि खोडायच्या आधी तो दोन-तीन दिवस जेवायचा नाही नीट. त्याची कसोटी एकच होती. "काळीज हाललं पायजे. नाय हाललं तर ते गाणं नाय, भाऊसाहेब, ती नुसती बडबड."

माझा पिंड भावगीतांचा. मी म्हणायचो, "अरे, कळत नाही तर काळीज हलतं कसं?"

"तुमाला पोटात दुखतं तवा कळतं का कुठल्या भाषेत दुखतं ते?"

मग तो डबा उघडून मला अर्धी भाकरी द्यायचा आणि पुढचं गाणं सुरू.

ऐंशी साल उलटलं आणि गडी बिघडला. वहीत ऐंशीच्या दहाकाचं पान त्यानं आखून ठेवलं, पण त्यावर एक गाणं चढेना. नवी कॅसेट आणायचा, ऐकायचा, तोंड वाकडं करायचा. "सगळी पाण्याखाली बसून वाजवल्यासारखी वाटतात. आणि ह्या नव्या लोकांनी झांजा सोडून दिल्या. ड्रम हाय, पन त्याच्यावरची झांज नाय. काय गाणं झालं का ते?"

पुढं पुढं त्याला जुन्या गाण्यांतल्याही झांजा सापडेनात. टेप झिजली म्हणून तो बाजारातल्या कॅसेटवाल्याशी भांडला. कॅसेटवाल्यानं एकच कॅसेट तीनदा बदलून दिली. चौथ्यांदा तो मला म्हणाला, "तुमच्या मित्राला सांगा, माझ्याकडे भजनं पण मिळतात. त्यात झांजाच झांजा."

मी हे घरी रंगवून सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. यशवंत टेपरेकॉर्डरवर हनुवटी टेकवून ऐकायचा, एसटीत कंडक्टरला ओरडून तिकीट मागायचा, आपण बोललेलं दोनदा वदवून घ्यायचा. यातलं एकेक सोंग मी चाळीत करून दाखवत असे. आता आठवलं की बरं वाटत नाही.

एका रविवारी दुपारी तो टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आला. मला साक्षीदार करायचं होतं. "ऐका आणि तुमीच सांगा. 'चटका बसला'. जुनं गाणं हाय, मला तोंडपाठ. यात चार ठिकानी झांज होती. आता एक पन नाय."

त्यानं आवाज पूर्ण वाढवला. गाणं सुरू झालं आणि आतून माझी बायको मालती कानांवर हात ठेवूनच बाहेर आली. "अहो, बंद करा ती झांज," ती म्हणाली. "कान फुटतील."

त्याला ते ऐकू गेलं नाही. पण कानांवरचे हात दिसले आणि ओठ दिसले असावेत. त्यानं टेप मागं नेली, परत लावली.

"वैनी, कुठं वाजली?"

मालती गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आता वाजली?" यशवंतनं विचारलं.

तिनं मान हलवली. हो.

"आन् आता?"

हो.

असं त्यानं चार वेळा विचारलं. चारही ठिकाणं बरोबर होती. मग त्यानं टेप बंद केली, वायर गुंडाळली आणि म्हणाला, "मंजी कॅसेट चांगली हाय." चहा न घेता गेला.

मी त्याला पनवेलच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले, दोन दातांचा लोखंडी काटा कानाशी वाजवून बघितला आणि विचारलं, काम काय करतोस. यशवंत सहा वर्षं यांत्रिक हातोड्यापाशी उभा होता. लालभडक लोखंडावर दिवसभर तो हातोडा आदळायचा. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतल्या नसा मेल्यात, त्या परत यायच्या नाहीत. आधी झांजेसारखे बारीक, टोकदार आवाज जातात, मग बाकीचे. ते काम सोड.

परतीच्या एसटीत मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कापूस नव्हता का देत कुणी?"

"जुनी मानसं सांगायची, कापूस घाल म्हनून. मीच नाय घातला." तो खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरायला लागला. "हातोड्याला ठेका हाय, भाऊसाहेब. कापूस घातला की ठेका जायचा."

कारखान्यात त्यानं दुसरं काम मागितलं. साहेब म्हणाला, तुला ऐकूच येत नाही तर हातोड्याचा त्रास तो काय? यशवंतनं मला हे हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. पुढं सात-आठ महिन्यांनी त्याला माल बांधायच्या खात्यात टाकलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानं हे आईला सांगितलं नव्हतं. मलाही शपथ घातली होती. आईला आपलं पोराच्या लग्नाचं लागलेलं. तिनं कळंबची मुलगी बघितली. सुशीला नाव, बालवाडीत शिकवायची. घरात वडीलधारा पुरुष नाही म्हणून बघायला त्याच्याबरोबर मी गेलो.

मुलगी सावळी, चेहऱ्यानं हुशार. पोहे झाले, माणसांची इकडची तिकडची बोलणी झाली. मग तिनंच मान वर करून यशवंतला विचारलं, "तुमाला गानी लय आवडतात म्हनं. कुठली?"

यशवंत तिच्या ओठांकडं बघत होता. थोडा थांबून मोठ्यानं म्हणाला, "एस्टीनंच जातो."

सगळे हसले. पोरगा मिश्कील आहे असं त्यांना वाटलं. सुशीलाही हसली, पदर तोंडाला लावून. दोन दिवसांत होकार आला.

आणि यशवंतनं नकार दिला. कारण सांगितलं नाही. कळंबची मंडळी चिडली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, याला मेमसाहेब हवी असेल. आईनं पंधरा दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तो रोज समोर बसून जेवत होता आणि ती बोलत नाही हे त्याच्या ध्यानात यायला चार दिवस लागले.

मला राग आला होता. एका रविवारी मी त्याला नदीवर गाठलं. उल्हास नदीच्या खडकावर तो एकटाच लुगडी-चादरी धुवत बसला होता, आईची पाठ धरली होती म्हणून. मी उजव्या कानाशी जाऊन, जमेल तेवढं ओरडून म्हटलं, "मुलगी चांगली होती. तिला सांगून टाकलं असतंस. ऐकलं असतं तिनं."

"तिनं ऐकलं आसतं," तो म्हणाला. "ती दिवसभर पोरांत बोलनार, घरी येऊन बोलायला लागनार, आन् म्होरं मी. भिंतीशी बोलायला तिला कशाला आणू?" चादर पिळून त्यानं खडकावर टाकली. "डाक्टर म्हनला, हाय तेवडं पन जानार."

मग हात पुसून तो माझ्या शेजारी बसला. नंतर एकदम म्हणाला, "भाऊसाहेब, तिचा आवाज कसा होता?"

"चांगला होता," मी म्हणालो.

"चांगला मंजी कसा?"

मी आठवायला लागलो. "बारीक आहे. पण कापरा नाही. बोलताना शेवटचा शब्द जरा लांबवते. 'कुठली' म्हणाली ना, ते 'कुठलीऽ' असं." मी ते तिच्यासारखं म्हणून बघितलं. मला जमलं नाही. तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

"आणि तू एस्टी म्हणालास तेव्हा ती हसली," मी म्हणालो.

"ते दिसलं मला. ते नका सांगू." त्यानं उजवा कान माझ्या जवळ आणला. "आवाजाचं सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.