नऊवर न येणारा नंबर

प्रत्येक माणूस जन्माला येताना काहीतरी असामान्य घेऊन येतो. फक्त ते कुठे ठेवलंय, हे त्याला फार उशिरा सापडते. श्यामसुंदर भोईर (राहणार शिरवणे, नोकरी ऐरोलीच्या बॅक-ऑफिसात, वय एक्कावन्न) यांना ते मोबाइल नंबरात सापडले. त्यांचा दहा आकडी नंबर मूळ संख्या निघाला. म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून त्याला जगात कशानेही भाग जात नव्हता.

हे सिद्ध करायला सुमारे साडेनऊ हजार भागाकार लागतात. भोईरांनी ते कंपनीच्या वेळेत, तीन दिवसांत उरकले. (या तीन दिवसांत त्यांचे काम अडल्याची तक्रार कोणीही केली नाही. या गोष्टीचा त्यांनी विचार केला नाही.) असे नंबर साधारण तेविसात एक असतात, असेही त्यांच्या वाचनात आले. म्हणजे आठशे जणांच्या ऑफिसात चौतीस-पस्तीस असामान्य माणसे. एवढा भाग वगळून त्यांनी घरी बातमी सांगितली.

घरी प्रसंग निराळा होता. पत्नी रंजिताबाईंचे पोळी-भाजी केंद्र सोमवारी उघडायचे होते, पाटीवर भोईरांचा नंबर लिहायला पेंटर शिडीवर चढला होता, आणि अंकशास्त्रवाल्याने आकड्यांची बेरीज शेवटी नऊच यायला हवी म्हणून बजावले होते. (आमच्याकडे गाडीचा नंबरही नऊवर नसला, तर गाडी कोणाची मागून आणली, असे विचारतात.)

"तुमचा आठावर हाय. शनी," रंजिताबाई म्हणाल्या. "बदला."

"अगं, तो नऊवर येऊच शकत नाही. आला, तर त्याला नऊने भाग जाईल."

"मंग जाऊ दे की! तुमचं काय कापून नेतो का कोन?"

"रंजिता, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात काहीतरी निघालंय."

"निघालंय ना? मंग बाहेर ठेवा. शनी खिशात घेऊन गल्ल्यावर बसायचं नाय. आन् पेंटर उन्हात हाय."

वैज्ञानिक दृष्टिकोन आणि गृहस्थाश्रम यांच्यातला हा संघर्ष अकरा मिनिटे चालला. मग भोईर सिमवाल्याकडे गेले. (नऊवरचे नंबर तो वेगळ्या डब्यात ठेवतो.) जुना नंबर बंद झाला. केंद्र मात्र जोरात चालले. त्याचे श्रेय नऊला गेले, पोळ्या रंजिताबाईंनी लाटल्या.

तीन-चार महिन्यांनी भोईरांना राहवले नाही. त्यांनी आपल्याच जुन्या नंबरावर फोन लावला. कोणीतरी उचलला.

"तुमच्या नंबरला कशानेच भाग जात नाही. ठाऊक आहे का तुम्हाला?" भोईरांनी विचारले.

"दादा, प्लॉट नको हाय," पलीकडचा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भोईरांना हसणाऱ्या सुज्ञ वाचकाने एव्हाना बोटांवर आपल्या नंबराची बेरीज करून पाहिलीच असेल. नऊ आली असेल, तर अभिनंदन. आपल्याला नऊने भाग जातो. आणि आली नसेल, तर आत्ता मनात जे किंचित खट्टू झाले, त्याला गणितात उत्तर नाही.