बाकावरचे गैरहजर

हवालदारांना ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. बावीस वर्षं तोफेशेजारी उभं राहून दोन्ही कान गेले. पण वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी समोर बसवून "नाव काय?" विचारलं, हवालदारांनी ओठ बघून नाव सांगितलं आणि त्या विद्वानाने लिहून टाकलं, श्रवणशक्ती उत्तम. अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर. कानाच्या यंत्रांची सगळी भिस्त त्यावरच होती.

आज अपील. हवालदारीणबाई नवऱ्याला घेऊन सकाळी नऊपासून अपिलाच्या कचेरीत, साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर. अकराला पुकारा करणारा शिपाई उगवला आणि त्याने त्यांचे कागद चाळले.

"कानाच्या डॉक्टरचा रिपोर्ट पाठपोट झेरॉक्स केलाय. चालत नाही. दोन वेगळे कागद लागतात."

"मजकूर तोच आहे ना पण? वाचता येईलच की."

"वाचतंय कोण? फायलीला लावायचाय."

बाई दातओठ खात झेरॉक्सला धावल्या. परत येऊन बघतात तो शिपाई फाइल बांधतोय.

"गैरहजर. अपील फेटाळलं."

"गैरहजर? हे काय बसलेत तुमच्या नाकासमोर!"

"तीनदा पुकारलं. उठले नाहीत."

"अहो, ऐकू येत नाही म्हणूनच तर आलोय!"

"ते आत सिद्ध करायचं असतं, बाई. बाहेर नाही."

हवालदार बिचारे दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. ते बघून बाईंना रडूच फुटणार होतं, पण असल्या माणसापुढे रडायची त्यांना लाज वाटली. त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्ही पुकारलंच नसणार. मी वर तक्रार करते."

शिपायाचा पारा चढला. "मी पुकारलं नाही? माझा आवाज खाली फाटकापर्यंत जातो!"

"मग द्या तसं लिहून."

त्याने तिथल्या तिथे लिहिलं, 'अर्जदार जागे असून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. तीनदा खणखणीत पुकारले. मानही वळवली नाही.' साहेबांनी न वाचता सही ठोकली, शिक्का बसला. न वाचण्यात साहेबांचा हात कोणी धरला नसता.

बाईंनी तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "आता नव्याने अपील करायचं तर?"

"करा की. पण ऐकू येत नाही याचा सरकारी पुरावा लागेल."

"तो आत्ताच दिलात की तुम्ही."

शिपाई तोंड उघडून तसाच उभा राहिला. हवालदार त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"काय म्हणतोय गं तो?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या.