भिंतीशी भांडणारा बस्त्याव

आमच्या उमेळ्यातला बस्त्याव रोज संध्याकाळी एका बिनखिडक्यांच्या इमारतीला शिव्या घालतो. इमारतीची भिंत त्याच्या वाडीला लागून. आत माणसं कमी, यंत्रंच फार. लोक फोनला काहीबाही विचारतात ना, त्याची उत्तरं म्हणे तिथं तयार होतात. दिवसभर घूंऽऽ चालू. वीज गेली की आम्ही अंधारात, आणि त्यांच्या जनरेटरची काजळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

"क्लाउड क्लाउड म्हणतात ना, तो आभाळात नाही गं बाय, हा इथं राहतो," बस्त्याव मला सांगतो. "माझंच पाणी पितो आणि जगाला शहाणपण विकतो!"

खोटं नाही. ती यंत्रं गार ठेवायला टँकर गावातल्याच विहिरी उपसतात. बस्त्यावची विहीर खारट झाली, मोगरा जळून गेला. तक्रार न्यावी तर इमारतीतले साहेब म्हणाले, "अंकल, ऑनलाइन टाका." ऑनलाइन उत्तर यंत्रानंच दिलं: आम्ही तुमच्या भावना समजतो.

"भावना कसल्या समजतोस मेल्या, आधी मोटर बंद कर!"

तरुणपणी याचं स्थळ मला आलं होतं. मी नाक मुरडलं. नखांत माती असलेला नवरा कोण करणार? मला कडक इस्त्रीची पँट हवी होती. मिळाली. जन्मभर तीच इस्त्री करत बसले.

बायको गेल्यापासून बस्त्यावला एकच सुख होतं, मेलबर्नहून येणारा लेकीचा रविवारचा फोन. "पप्पा, मोगऱ्याला कळ्या का नाहीत? पप्पा, कढीपत्ता का वाळला?" तासभर नुसत्या कुंड्या! आता लीना हे सगळं त्या यंत्राला विचारते. "तुम्हाला कशाला त्रास, पप्पा," म्हणाली. फोन येतो तो नाताळला.

परवा मी मुद्दाम कुंपणाआड जाऊन उभी राहिले, ताज्या शिव्या ऐकायला. या वयात दुसरी करमणूक काय! पण बस्त्याव भिंतीला तोंड लावून अगदी हळू बोलत होता.

"ऐक रे. आमची लीना विचारील तुला. तिकडे आता थंडी आहे. मोगऱ्याला पाणी कमी घाल म्हणावं. आणि थंडी सरल्याशिवाय कात्री लावू नको. पोरगी उतावळी आहे, नीट समजावून सांग."

मग आवाज आणखी खाली आणला.

"कुणी सांगितलं ते मात्र बोलू नकोस. उगाच तिला वाटेल, फोन करायला हवा."