इचलकरंजीला आलेलं जपानी गाणं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक जुनं जपानी गाणं इचलकरंजीत धनपाल मगदूम यांच्या दाराशी आलं आणि त्यानं बेल वाजवली.

दार सुगंधाबाईंनी उघडलं. गाण्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, बूट काढून भिंतीशी जोडून ठेवले आणि विचारलं, "अण्णा आहेत का?"

"आहेत की. कोण आलंय म्हणून सांगू?"

"नागोयाचं आहे म्हणावं. सत्त्याहत्तर सालचं."

आत मगदूम पेपर वाचत होते. आवाज कानावर पडला आणि त्यांनी चष्मा काढला. सत्त्याहत्तर साली गिरणीच्या मालकांनी त्यांना नवे माग शिकून घ्यायला सहा महिने जपानला धाडलं होतं. त्या वर्षी हे गाणं तिकडं इतकं चाललं होतं, की न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही कानावर पडायचंच नाही. आता ते पार थकलं होतं. अंगातला कोट जुन्या पद्धतीचा, रुंद कॉलरचा होता, पण कडक इस्त्रीचा.

"मराठी झकास बोलता की तुम्ही," चहाचा कप पुढं करत सुगंधाबाई म्हणाल्या.

"अण्णांच्या डोक्यात इतकी वर्षं काढलीत, वहिनी. तिथला सगळा कारभार मराठीतच."

चहा झाल्यावर गाण्यानं बॅगेतून एक कागद काढला. ज्या गाण्याची आठवण असणारं एकच माणूस शिल्लक राहतं, ते गाणं त्या माणसाच्या स्वाधीन करण्यात येतं, असं त्यात लिहिलं होतं. त्या माणसानं पंधरा दिवसांत गाण्याचे सगळे शब्द स्वतःच्या हातानं लिहून, सही करून, आपल्या गावच्या नगरपालिकेत नोंदवायचे. नोंद झाली नाही तर गाणं रद्द.

"एकच माणूस?" मगदूम म्हणाले. "अहो, अख्खा देश गात होता!"

"गात होता," गाणं म्हणालं. "मग दुसरी गाणी आली. ज्यांनी मला धरून ठेवलं ती माणसं म्हातारी झाली. फेब्रुवारीपर्यंत निशिदा होते."

निशिदा म्हणजे मगदूमांना माग शिकवणारा फिटर. परतीच्या आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये तो उभा राहिला होता, डोळे मिटून त्यानं हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं होतं आणि त्या गाण्याचीच कॅसेट मगदूमांच्या हातात ठेवली होती. "दोन्ही कडवी पाठ करा, मगदूम-सान, आणि मला कळवा."

पहिलं कडवं मगदूमांना तिथंच येत होतं. बंदर, पहाटेची बोट, बोटीनं निघालेला माणूस आणि धक्क्यावर उभी राहिलेली बाई. दुसरं इचलकरंजीला गेल्यावर निवांत पाठ करू, असं त्यांनी ठरवलं. निशिदाची तीन पत्रं आली. दुसरं कडवं पाठ झालं की मगच उत्तर लिहायचं, असं मगदूमांच्या मनात होतं. पुढं मालक नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. भाषण टेप करायला घाईत कॅसेट सापडेना, तेव्हा मगदूमांनीच घरातली ती जपानी कॅसेट काढून दिली. मालक पडले. ते भाषण नंतर कुणी ऐकलं नाही.

"तुम्हाला तरी येत असेल की दुसरं," मगदूम म्हणाले. "तुम्ही स्वतःच गाणं आहात."

"तुम्हाला जेवढं येतं तेवढंच आता मला येतं. निशिदा गेले तेव्हा दुसरं कडवं त्यांच्याबरोबर गेलं."

"तो बोटीनं गेलेला माणूस परत येतो का हो?"

"ते दुसऱ्या कडव्यात होतं," गाणं म्हणालं.

गाण्याला माडीवरची खोली दिली. पथ्यपाणी काही नव्हतं. सकाळी ते सुगंधाबाईंना शेंगा सोलून द्यायचं, दुपारी पडून राहायचं. मगदूम रोज वही घेऊन बसत. तोंडात पहिल्या कडव्याचा शेवट घोळवत, पुढचा शब्द आपसूक येईल म्हणून वाट बघत. प्रत्येक वेळी पुढं मालकांचं भाषणच यायचं. "बंधूंनो आणि भगिनींनो."

बाराव्या दिवशी त्यांनी मनानंच चार ओळी रचल्या. मोडक्यातोडक्या जपानीत, पण चालीत बसणाऱ्या. त्यांत बोट परत येत होती. माडीवर जाऊन त्यांनी त्या गाण्याला वाचून दाखवल्या.

"चांगल्या आहेत," गाणं म्हणालं. "माझ्या नाहीत. पण द्यायच्या असतील तर द्या, अण्णा. मी तक्रार करणार नाही."

पंधराव्या दिवशी दोघं नगरपालिकेत गेले. खिडकीवर कुंभोजे नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी गाण्याला बाकावर बसायला सांगितलं आणि मगदूमांचा अर्ज वाचला.

"कडवी किती?"

"दोन."

"इथं एकच जोडलंय. दुसरं?"

चार ओळींचा कागद मगदूमांच्या खिशात होता. त्यांनी खिशावर हात ठेवला. बाकावरचं गाणं त्यांच्याकडं बघत नव्हतं.

"दुसरं मला येत नाही," मगदूम म्हणाले. "शिकायचं राहून गेलं."

"मग गाणं म्हणून नोंद होणार नाही, काका. अपुरं असेल तर गुणगुण म्हणून होते. चाल राहते, शब्द जमा करून घेतो आम्ही. नावसुद्धा."

"रद्द होण्यापेक्षा बरं ना?"

"ते तुम्ही ठरवायचं."

मगदूम बाकापाशी गेले. "काय करू?"

"सही करा," गाणं म्हणालं. मग म्हणालं, "एक सांगायचं होतं. शब्द आहेत तोवर सांगतो. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून निशिदा कधी रागावले नाहीत. ते म्हणायचे, मी विसरलो तरी हरकत नाही, तिकडं मगदूम-सानला दोन्ही पाठ आहेत."

मगदूमांनी सही केली. कुंभोजेबाईंनी शिक्का मारला.

"आता एकदा गुणगुणून दाखवा," त्या म्हणाल्या. "पडताळणी करावी लागते."

मगदूमांनी घसा साफ केला आणि ते खिडकीशी उभं राहून गुणगुणले. शब्द गेलेच होते. बंदर होतं की स्टेशन, तेही आता सांगता आलं नसतं. पण चाल सरळ आली. रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता कुंभोजेबाईंनीही ती धरली, मग पलीकडच्या टेबलावरच्या शिपायानं. गाणं बाकावरून उठलं, खिडकीच्या आत गेलं आणि तिथंच थांबलं. मगदूम पाच वाजेपर्यंत बाहेर बसले. मग घरी गेले.

"पाहुणे कुठायत?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"नोकरीला लागले," मगदूम म्हणाले.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मगदूम बाजारातून येत होते. समोरून एक फुलवाली पाटी घेऊन गुणगुणत येत होती आणि तिच्याबरोबर ते चाललं होतं. तब्येत सुधारली होती. अंगात साधा सदरा होता. मगदूमांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते त्यांना आठवेना. ते अगदी जवळ आलं. त्यानं ओळख दाखवली नाही. मगदूम एका बाजूला सरकले आणि त्यांनी दोघांना वाट दिली.