गणपतआप्पांचं कलम

दौंड स्टेशनाबाहेर टांग्यात बसायचं, भाडं पूर्ण द्यायचं आणि चढ लागला की खाली उतरून घोड्याशेजारून चालायचं, ही गणपतआप्पांची रीत. उन्हाळ्यात ते नुसते चालत नसत. स्वतःची छत्री उघडून घोड्याच्या डोक्यावर धरत. घोडा त्या छत्रीला बुजायचा, टांगा वाकडातिकडा जायचा, आतली माणसं एकमेकांवर आपटायची. पण आप्पा छत्री मिटत नसत.

एकदा मी आत होतो. म्हटलं, "आप्पा, घोड्याला कसली छत्री?"

"मग काय तुमाला धरू? तुमाला ऊन लागलं तर तुमी बोलाल. त्यो कुणाला सांगंल? मुका हाय म्हणून?"

'मुका हाय म्हणून?' हा त्यांचा पहिला मंत्र. दुसरा होता, 'आत घाला!'

मी दौंडच्या कोर्टात वकिली करायचो. वकिली म्हणजे बांधाची भांडणं आणि पडलेल्या तारखा. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण माणसं अजून वाळलेलीच होती आणि मीही. अशात दर सोमवारी आप्पा ऑफिसात येऊन बाकावर बसत. रेल्वेत शंटिंगच्या कामावर आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज इंजिनावर मात करणारा. मूळचे शिरूरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. अंगावर धोतर, डोक्याला मुंडासं आणि पायात रेल्वेनं दिलेले जुने बूट.

"लिवा वकीलसाहेब. मुक्या जनावराला मारणाऱ्याला दंड नगो. जेल पायजे."

"आप्पा, कायद्यात दंडच आहे. पुन्हापुन्हा केलं तरच कैद."

"मग कायदा बदला."

"तो मी नाही बदलत. दिल्लीत बदलतात."

"मग दिल्लीला लिवा."

मी लिहायचो. काय करणार? नाही म्हटलं तर ते उठायचे नाहीत, आणि ते बसले की दुसरा पक्षकार आत यायला धजायचा नाही. दिल्लीहून कधी उत्तर आलं नाही. आप्पांना त्याचं नवल वाटत नसे. "इंजिनाला बी शिट्टी दिल्यावर लगीच थांबता येत न्हाई," म्हणायचे.

पोलीस ठाण्यात तर त्यांना पाहताच हवालदार पंचनाम्याला जायची टोपी घालायचा. उसाच्या गाडीत बैलाला टोचणी मारली, कुणी कुत्र्यावर उकळतं पाणी फेकलं, कुणी म्हशीचं शिंग मोडलं, आप्पा हजर. आणीबाणी लागली तेव्हा त्यांची आशा एकदम पालवली. भर चौकात मला म्हणाले, "आता सगळ्यांनाच आत घालत्यात. मग ह्यानला का न्हाई?" मी त्यांना दंडाला धरून हॉटेलात नेलं आणि चहा पाजून गप्प केलं.

एवढं असून ते मटण मात्र आवडीनं खायचे. मी एकदा त्यावर बोट ठेवलं.

"खातो की," ते शांतपणे म्हणाले. "आमचं घर मेंढरावरच जगलं. पण कापायच्या आदी माझा बाप मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवायचा. मारणं येगळं आन् छळणं येगळं. तुमच्या कायद्याला एवढं बी कळंना व्हय?"

आप्पांचा खरा वैरी होता दगडू टांगेवाला. दगडूच्या घोड्याचं नाव कलेक्टर. हे नाव का, तर दगडू म्हणे, "कवा उठंल, कवा बसंल, सांगता येत न्हाई, आन् गरिबाचं ऐकत न्हाई." दगडू वाईट माणूस नव्हता. दारू प्यायला की मात्र त्याचा हात चाबकाकडे जायचा. दोनदा आप्पांनी त्याला कोर्टात उभा केला, दोनदा तो दंड भरून हसत बाहेर पडला. "आप्पा, चाबूक स्वस्त झालाय," असंही एकदा म्हणाला. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या वेळी मात्र भर बाजारात, शंभर माणसांसमोर मार झाला. कलेक्टर गुडघ्यावर आला, तरी दगडूचा हात थांबला नाही. आप्पांनी मध्ये पडून पाठीवर दोन फटके घेतले. त्या फटक्यांची तक्रार द्या, म्हणून हवालदार विनवत होता. त्यात निदान मोठं कलम लागलं असतं.

"माझी तक्रार न्हाई," आप्पा म्हणाले. "मी बोलता माणूस हाय. त्याची लिवा."

खटला उभा राहिला. फौजदारानं वाचायला सुरुवात केली, "आरोपीने दारूच्या नशेत कलेक्टरला चाबकाने मारले..." आणि मॅजिस्ट्रेटसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. घोडा आहे हे कळल्यावर बसले, पण चेहरा लाल तो लालच राहिला. कोर्टात हशा पिकलेला त्यांना आवडला नसावा. त्यांनी मागचे दोन्ही दंड पाहिले आणि दगडूला पंधरा दिवसांची कैद ठोठावली.

मला वाटलं, आप्पा आता पेढे वाटतील. ते बाकाची कड धरून उभे होते. दगडूला शिपाई घेऊन चालला तेव्हा तो मान वळवून ओरडला, "आरं, पर कलेक्टरला वैरण कोन घालंल? माझ्या घरात कोन हाय?"

कोर्टानं पुढचा खटला पुकारला. कायद्यात तशी तरतूद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रेल्वे लाइनीपलीकडे आप्पांच्या घरावरून गेलो, तर अंगणात लिंबाच्या झाडाला कलेक्टर बांधलेला. आप्पा त्याच्या गुडघ्याला हळद लावत होते आणि त्याच्याशी बोलत होते. रेल्वेतल्या जुन्या साहेबांच्या नकला, बायकोच्या हातच्या कालवणाची चव, मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठानं केलेली पायपीट. मी कुंपणाबाहेर उभा होतो. आप्पांचा आवाज इतका हळू असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यातलं हसू येण्यासारखं म्हणजे, ते रोज जेलवर जायचे. फडक्यात भाकरी बांधून. जाळीपलीकडे दगडू, अलीकडे आप्पा.

"खाल्लं का त्यानं?" दगडू विचारायचा.

"खाल्लं. लीद बी झ्याक टाकली."

"उजव्या कानामागं खाजवा त्याला. त्याला बरं वाटतंय."

"मग चाबूक का हानतुस रं, मुडद्या?"

आप्पा भाकरी आत सरकवायचे.

दगडू सुटला त्या सकाळी मी मुद्दाम आप्पांकडे गेलो. आता इथं दुसरा खटला होईल, अशी माझी वकिली अटकळ. कलेक्टर भरला होता, अंग तुळतुळीत झालं होतं. आप्पा पाटी धरून त्याला कोंडा चारत होते. लाइनीच्या पलीकडून दगडूनं जीभ टाळ्याला लावून नुसता 'टॉक्' केला. कलेक्टरनं पाटीतलं तोंड काढलं. कान उभे केले. असा काही खिंकाळला, की दाव्यासकट निघतो की काय वाटलं. दगडू आत आला तर कलेक्टर त्याच्या छातीवर डोकं घासायला लागला. ज्या पाठीवर वळ अजून दिसत होते, ती पाठ थरथरत होती, पण भीतीनं नाही.

दगडू घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. आप्पांच्या पाया पडला. "पुन्यांदा न्हाई, आप्पा," म्हणाला. आप्पांनी स्वतःच दावं सोडून त्याच्या हातात दिलं.

दोघं नजरेआड झाल्यावर आप्पा खाली सांडलेला कोंडा पाटीत भरू लागले.

"मारत्याकडंच पळालं की ओ," ते म्हणाले. "आन् मी तर कवा बोट बी लावलं न्हाई."

"कलेक्टरला?"

"न्हाई. आमच्या पोराला."

आप्पांचा एकुलता एक मुलगा कल्याणला नोकरीला होता. आईच्या दहाव्याला आला, तो पुन्हा दौंडला उतरला नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. येत नव्हता, एवढंच. त्या रुळांवरून त्याच्या गावाच्या गाड्या दिवसभर जात-येत होत्या.

ह्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.

सोमवारी आप्पा नेहमीसारखे बाकावर येऊन बसले. मी न सांगता कागद पुढं ओढला.

"लिवा. शिक्षा वाढवा, ही मागणी कायम हाय. दगडू सुधारला तर त्याचं नशीब, बाकीचे हायेत. पर खाली आनिक एक लिवा. मानूस आत घातला, की त्याच्या जनावराची सोय सरकारनं करावी. वैरण, पानी, दवा."

"त्याला सरकार कशाला?" मी लिहिता लिहिता म्हटलं. "तुमचं अंगण आहे की, आप्पा. तुमच्याकडेच ठेवत जाऊ."

आप्पांनी दोन्ही हात हलवले.

"माझ्याकडं नगो, वकीलसाहेब. सवय लागती."